जर्मन संस्थानांची सुवर्णनाणी



जुन्या जर्मनीचे वीस मार्कांचे सोन्याचे नाणे सराफाच्या काट्यावर टाकले, तर ७.९६५ ग्रॅम भरते. त्यात दहात नऊ भाग सोने. ते बलाढ्य प्रशियाचे असो की चिमुकल्या संस्थानाचे, वजनात गुंजेचा फरक नाही. मग एक सोन्याच्या भावाच्या आसपास मिळते आणि दुसऱ्यासाठी संग्राहक कित्येक पट पैसे मोजतात, हे कसे?

१८७१ साली जर्मन साम्राज्य झाले, पण राजे राहिलेच. म्हणून त्या वर्षीच्या कायद्याने तडजोड केली : एका बाजूला साम्राज्याचा गरुड, दुसऱ्या बाजूला ज्याचा त्याचा राजा. हँबुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक या स्वतंत्र नगरांना राजाच नव्हता; तेथे नगराचे चिन्ह आले.

नवशिका फसतो तो राजाचे नाव वाचून. आम्हीही फसलो. फ्रीड्रिख तिसरा १८८८ साली अवघे नव्व्याण्णव दिवस सम्राट होता. तेव्हा त्याचे नाणे दुर्मिळच असणार, असे समजून आम्ही वाजवीपेक्षा अधिक पैसे मोजले. पुढे कळले की, बर्लिनच्या टांकसाळीने त्याची वीस मार्कांची नाणी पन्नास लाखांवर पाडली होती! उलट रॉइस घराण्याची थोरली पाती पाहा. (आपल्या मिरजेप्रमाणे तेथेही थोरली आणि धाकटी पाती होती.) स्वतःची टांकसाळ नसलेल्या या संस्थानाचे वीस मार्कांचे नाणे १८७५ साली एकदाच निघाले, तेही सुमारे दीड हजार.

आणखी एक विनंती. जुने नाणे रिठ्याने घासू नका आणि माळेसाठी त्याला डाख लावून कडी बसवू नका. सोने तेवढेच राहते, पण संग्राहक पाठ फिरवतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि नोटेच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. देशासाठी सोने द्या, अशी हाक आली. अनेकांनी नाणे देऊन तेवढ्याच किमतीची नोट घेतली. नोव्हेंबर १९२३ मध्ये सोन्याच्या एका मार्काला एक लक्ष कोटी कागदी मार्क पडत होते. ज्यांनी विश्वासाने दिले, त्यांच्या हाती रद्दी उरली.

झिजलेल्या नाण्याला व्यापारी भाव कमी देतात. आमच्याजवळ सॅक्सनीच्या योहान राजाचे १८७२ चे असे एक झिजके नाणे आहे. ते आम्ही विकलेले नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर टेबलाशी यावे.