पैसे आणणारे ओझे : लांब पल्ल्याची नवी मालवाहू विमाने आणि कामगार

(मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ कॉम्रेडनी मला थट्टेने विचारले की, ज्यांनी विमानात कधी पाऊल ठेवले नाही अशा माणसांच्या वर्गात विमानांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. परंतु मी ज्या विमानांविषयी बोलणार आहे त्यांत प्रवाशांना बसायला जागाच नसते. त्यांना खिडक्यांच्या रांगा नसतात, हवाईसुंदऱ्या नसतात, त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत नाहीत. ती बहुधा रात्री उडतात. आणि तरीही आपल्यापैकी अनेकांच्या कामाच्या तासांशी त्यांचा संबंध येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी मी मद्रासपासून, म्हणजे आजच्या चेन्नईपासून सुरुवात करतो.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात वृत्तसंस्थांनी एक बातमी दिली. अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या मालावर जबर आयातकर लादण्याचा धडाका लावला होता, आणि ॲपल कंपनीने भारतात जुळवलेले सुमारे ६०० टन टेलिफोन घाईघाईने अमेरिकेत नेले. त्यासाठी मार्चपासून सहा मालवाहू विमाने लागली, प्रत्येकी सुमारे १०० टनांची. चेन्नई विमानतळावर जकात तपासणीला पूर्वी जे तीस तास लागत ते सहा तासांवर आणण्यात आले. श्रीपेरुम्बुदूरच्या ज्या कारखान्यात हे टेलिफोन जुळवले जातात तेथे एरवी सुट्टीचा असलेल्या रविवारीही काम चालू ठेवण्यात आले. वॉशिंग्टनमध्ये एका कागदावर सही होते आणि तमिळनाडूतल्या, बहुतांशी तरुण मुली असलेल्या कामगारांचा रविवार जातो. या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे ते १०० टनांचे विमान. भारतातल्या एकाही विमान कंपनीकडे असे लांब पल्ल्याचे, रुंद धडाचे मालवाहू विमान त्या वेळी नव्हते, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

जगाच्या व्यापारातला एक टक्क्याहूनही कमी माल आकाशमार्गाने जातो. पण मूल्याने मोजला तर तोच माल जवळजवळ एकतृतीयांश भरतो. यावरून कोणता माल उडतो हे स्पष्ट होते. गहू उडत नाही, कोळसा उडत नाही. उडतात टेलिफोन, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, कापलेली फुले, ऋतू संपण्यापूर्वी दुकानात पोचलेच पाहिजेत असे कपडे. मार्क्सने 'भांडवल'च्या दुसऱ्या खंडात, जो एंगल्सने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. माल वाटेवर असतो तोवर त्यात गुंतलेले भांडवल अडकून पडलेले असते, ते पुन्हा कामाला लावता येत नाही. वाटेचे दिवस जितके कमी, तितकी भांडवलाची फेरी वर्षात अधिक वेळा पुरी होते. दुसरे म्हणजे मार्क्सच्या मते वाहतूक हा उत्पादनाचाच भाग आहे. स्थलांतर हेच तेथे निर्माण होणारे उपयुक्त फळ. तेव्हा विमानात माल चढवणारा हमाल, विमान चालवणारा वैमानिक आणि विमान बांधणारा कारागीर हे तिघेही एकाच साखळीत येतात. मी आज या तिघांपैकी दोघांविषयी अधिक बोलणार आहे, कारण नव्या विमानांच्या संदर्भात खरा झगडा त्यांनी दिला.

येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगू द्या. विमान जेवढा माल नेऊ शकते त्याला इंग्रजीत 'पेलोड' म्हणतात. आपण कोशात पाहून 'भारक्षमता' लिहितो आणि मोकळे होतो. पण मूळ शब्दाचा सरळ अर्थ आहे पैसे देणारे ओझे. विमानाचे स्वतःचे वजन, इंधन, वैमानिक, त्यांचे जेवणाचे डबे हे सगळे पैसे न देणारे ओझे! विमानांच्या रचनेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे हे दुसरे ओझे कमी करीत नेण्याचा इतिहास होय.

१९७२ मध्ये लुफ्तान्साने बोईंग ७४७ ची पहिली मालवाहू आवृत्ती सेवेत आणली. चार इंजिने, पुढचे नाक वर उचलून लांबच लांब पेट्या सरळ आत ढकलता येतील असे दार, आणि वैमानिककक्षात तीन माणसे: दोन वैमानिक व एक उड्डाण अभियंता. १९९३ मध्ये लक्झेंबर्गच्या कार्गोलक्स कंपनीने याच विमानाची ४०० क्रमांकाची सुधारित मालवाहू आवृत्ती घेतली, आणि तिसऱ्या माणसाची खुर्ची नाहीशी झाली. २००९ मध्ये एअर फ्रान्सला पहिले बोईंग ७७७ मालवाहू मिळाले. सुमारे १०० टन माल त्याने अवघ्या दोन इंजिनांवर नेला. २०२३ च्या जानेवारीत शेवटचे ७४७, १५७४ वे, अमेरिकेच्या ॲटलास एअर या कंपनीच्या ताब्यात गेले आणि तो कारखानी अध्याय संपला.

आता जी नवी पिढी येऊ घातली आहे तिच्यात दोन विमाने आहेत. युरोपच्या एअरबसचे ए-३५० मालवाहू विमान २०२१ मध्ये जाहीर झाले. बोईंगचे ७७७-८ मालवाहू विमान २०२२ च्या जानेवारीत जाहीर झाले आणि कतार एअरवेजने एकदम ३४ विमानांची मागणी नोंदवली. त्या करारावर सह्या झाल्या त्या प्रत्यक्ष व्हाइट हाउसमध्ये! दोन्ही विमाने ११० टनांच्या आसपास माल घेऊन आठ हजारांहून अधिक किलोमीटर न थांबता जातील, दोघांनाही दोनच इंजिने. बोईंगचा दावा असा की, जुन्या ७४७-४०० च्या तुलनेत इंधनाची कार्यक्षमता ३० टक्क्यांनी सुधारेल आणि टनामागे चालवण्याचा खर्च २५ टक्क्यांनी उतरेल. नाकातले दार मात्र दोघांतही नाही, बाजूचे आहे. तेव्हा ७४७ मध्ये जात असे ते फार लांबीचे यंत्रसामान त्यांत जाणार नाही.

या मागण्यांना उधाण का आले, हेही समजून घेतले पाहिजे. जगातला जवळजवळ अर्धा हवाई माल एरवी प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० मध्ये महामारीमुळे प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली, ते पोट नाहीसे झाले आणि मालवाहू विमानांचे दर आकाशाला भिडले. कार्गोलक्सने २०२१ मध्ये सुमारे १.३ अब्ज आणि २०२२ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलर नफा मिळवला. माणसे घरात कोंडलेली असताना हा पैसा आला, आणि त्याच पैशाच्या जोरावर नव्या विमानांच्या मागण्या गेल्या.

कमी इंधन जाळणाऱ्या यंत्राला आपला विरोध असण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोदीत ज्यांनी काम केले त्यांना आठवत असेल, पेटारे आले, मोठ्या याऱ्या आल्या, १९८९ मध्ये न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले. पाठीवरून गोणी वाहण्याचे दिवस परत यावेत असे कोणीच म्हणाले नाही. भांडण यारीशी नव्हते. यारीने वाचवलेल्या वेळेचा धनी कोण, याविषयी होते. टनामागे २५ टक्के खर्च वाचणार म्हणतात, तर तोही केवळ कर्बतंतूच्या पंखातून वाचत नाही. त्या पंखाची स्वतःचीच एक कहाणी आहे, आणि ती तुम्हाला सांगावी यासाठीच मी हा विषय निवडला.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटल शहराच्या उत्तरेस एव्हरेट येथे बोईंगचा प्रचंड कारखाना आहे. ७७७-८ ज्या मालिकेतले आहे ती नवी ७७७ मालिका कंपनीने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये दुबईत जाहीर केली. त्याच महिन्यात कंपनीने यंत्रकामगारांच्या संघटनेपुढे एक प्रस्ताव ठेवला. कामगारांचे ठरावीक निवृत्तिवेतन गोठवायचे, त्याऐवजी ज्याचे फळ बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहील असे बचतखाते घ्यायचे, आरोग्यविम्याचा अधिक भार उचलायचा, आणि करार २०२४ पर्यंत वाढवून तोवर संप करायचा नाही. हे मान्य नसेल तर नवे विमान आणि त्याच्या पंखांचा कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल. ही पोकळ धमकी नव्हती. याच कंपनीने ७८७ विमानाच्या जोडणीचा दुसरा कारखाना दक्षिण कॅरोलिनात, जेथे कामगार संघटना नाही तेथे, आधीच नेला होता. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने तीन दिवसांच्या खास अधिवेशनात, २०४० पर्यंत मिळून सुमारे ८.७ अब्ज डॉलरच्या करसवलती कंपनीच्या पदरात टाकल्या. सरकारने आपला वाटा दिला होता. उरला कामगार.

कामगारांनी तो प्रस्ताव ६७ टक्के मतांनी फेटाळला.

तेव्हा कंपनीने अन्य राज्यांकडून निविदा मागवल्या आणि वीसहून अधिक राज्ये दारात उभी राहिली. थोडाफार बदललेला प्रस्ताव पुन्हा आला. स्थानिक पुढाऱ्यांचा त्यास विरोध होता, तो मतास टाकू नये असे त्यांचे म्हणणे होते. परंतु संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वाने मतदान घेण्याचा हुकूम सोडला. मतदान ३ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे नाताळच्या सुट्टीसाठी बरेच कामगार गावाबाहेर असताना झाले. प्रस्ताव ५१ टक्क्यांनी संमत झाला. आपल्या चळवळीच्या इतिहासात असे प्रसंग नाहीत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वरून आलेला आदेश आणि सोयीची तारीख या दोन गोष्टी आपल्यालाही ओळखीच्या आहेत.

पंखांचा कारखाना एव्हरेटलाच उभा राहिला. पंख पसरले की ७१ मीटरांहून अधिक रुंदी भरते, म्हणून जुन्या विमानतळांत मावावे यासाठी टोके घडी घालून उचलता येतात. अभियांत्रिकीचा तो सुंदर नमुना आहे, हे मान्य केलेच पाहिजे. या काळात कंपनीकडे पैसा नव्हता म्हणावे, तर २०१३ ते २०१९ या वर्षांत तिने स्वतःचेच समभाग बाजारातून परत विकत घेण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले. समभागांचे भाव चढले. विमान मात्र मागे पडत गेले. या मालिकेतले पहिले प्रवासी विमान २०२० मध्ये मिळणार होते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती तारीख २०२७ वर नेली, आणि मालवाहू आवृत्ती त्यानंतरची. एअरबसचे मालवाहू विमानही २०२५ चे २०२७ वर गेले आहे.

दरम्यान विमान विकत घेणाऱ्या कंपनीत काय घडले ते पाहू. कार्गोलक्सने २०२२ मध्ये दहा ७७७-८ मालवाहू विमाने पसंत केली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, लक्झेंबर्गमधील तिच्या कामगारांनी संप केला. वाद वेतनाचा होताच. पण त्याबरोबर नोकरीच्या शाश्वतीचा होता, आणि कंपनीने परदेशातल्या उपकंपन्यांकडे किती विमाने वळवावीत याचाही होता. विमान ही जागेला खिळलेली मालमत्ता नव्हे. त्याचा तळ एका रात्रीत स्वस्त मजुरीच्या देशात हलवता येतो, हे त्या कामगारांनी नेमके ओळखले होते. काही दिवसांत तडजोड झाली. अब्जावधींच्या नफ्यानंतर लगेच हा प्रश्न काढण्याची त्यांची वेळ अचूक होती, असे माझे मत आहे. मंदी आल्यावर काढला असता तर कोणी ऐकले नसते.

वैमानिकाचेही तसेच. पल्ला लांबला की कामाची रात्र लांबते. अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम २०११ च्या अखेरीस केले, २०१४ च्या जानेवारीत लागू केले, आणि त्यांतून मालवाहू विमानांचे वैमानिक वगळले. प्रवासी नेणाऱ्याला झोप लागू शकते, पेट्या नेणाऱ्याला लागत नाही असा त्याचा अर्थ! २०१३ च्या ऑगस्टमध्ये पहाटेच्या अंधारात यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. चौकशी मंडळाने कारणांत थकव्याचा उल्लेख केला, पण सहवैमानिकेने आपल्या सुट्टीचे तास नीट वापरले नाहीत असेही नमूद केले. मेलेल्या माणसाच्या झोपेचा हिशेब मांडणे सोपे असते.

तिसरी खुर्ची गेली, आता दुसरीवर डोळा आहे. लांबच्या उड्डाणात मधले कित्येक तास एकच वैमानिक जागा ठेवायचा आणि दुसऱ्याला झोपू द्यायचे, असा प्रयत्न एअरबस ए-३५० वर हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकबरोबर करीत असल्याचे २०२१ मध्ये उघड झाले. त्याच कॅथेने २०२३ मध्ये सहा ए-३५० मालवाहू विमाने मागवली. वैमानिकांच्या संघटनांनी या कल्पनेविरुद्ध मोहीम चालवली, आणि युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये अहवाल दिला की, दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता एकट्यात सिद्ध करता येत नाही. आज तरी दुसरी खुर्ची शाबूत आहे.

पुन्हा एव्हरेटकडे वळतो. दहा वर्षे बांधलेले हात २०२४ मध्ये मोकळे झाले. कंपनीने चार वर्षांत २५ टक्के वाढ देऊ केली. पुढाऱ्यांनी ती स्वीकारण्याची शिफारस केली. जवळजवळ ९५ टक्के कामगारांनी ती फेटाळली आणि १३ सप्टेंबरपासून सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले. ३५ टक्क्यांचा दुसरा प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये ६४ टक्क्यांनी फेटाळला गेला. सभांमधून, फलकांवरून एकच गोष्ट वारंवार पुढे येत होती : आमचे निवृत्तिवेतन परत द्या. संप ५३ दिवस चालला. ४ नोव्हेंबरला ३८ टक्क्यांची वाढ ५९ टक्के मतांनी मान्य झाली. निवृत्तिवेतन परत मिळाले नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये एव्हरेटच्या त्याच पंखांच्या कारखान्यात पहिल्या ७७७-८ मालवाहू विमानाच्या पंखाचे काम सुरू झाले. तेथे हातात हत्यार घेऊन उभ्या असलेल्यांपैकी बरेच जण २०१४ नंतर नोकरीस लागलेले आहेत. त्यांना ते निवृत्तिवेतन कधी मिळालेच नव्हते, आणि ५३ दिवस ते त्यासाठी रस्त्यावर उभे होते.