चोर सोडून संन्याशाला फांशी



गेल्या श्रावणांत मला पडसें झालें. नाक वाहूं लागलें, घसा खवखवूं लागला. आणि ‘आधीं विचार, मग कृति’ हा धडा आयुष्यभर मुलांना देणाऱ्या ह्या मास्तरानें विचार न करतां कपाटांतील ॲझिथ्रोमायसिनच्या उरलेल्या गोळ्या काढल्या. सूनबाईनें त्या माझ्या हातांतून काढून घेतल्या व ती म्हणाली, “बाबा, पडसें विषाणूंचें, ह्या गोळ्या मारतात जंतूंना. चोर सोडून संन्याशाला फांशी कशाला?”

हा संन्यासी कोण, ह्याचा शोध घेण्यांत माझे पुढील आठ दिवस बरे गेले. त्याचेंच फलित आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडव्यापाऱ्यानें १६८३ सालीं आपल्या दांतांवरील कीट खरवडून स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं धरलें, तों त्यांत चिमुकले जीव वळवळतांना दिसले. आज मनुष्यांच्या मुखांत आढळणाऱ्या जंतूंच्या जाती सुमारें ७०० गणल्या जातात. नाकांत निराळी वस्ती असते. ह्यांतील बहुतेक निरुपद्रवी. किंबहुना जागा अडवून ते उपद्रव्यांना थारा देत नाहींत. २०१६ सालीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथील संशोधकांना असें आढळलें कीं, कांहीं माणसांच्या नाकांत राहणारा स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हा जंतु स्वतःच एक प्रतिजैविक द्रव्य निर्माण करतो, आणि घातक अशा स्टॅफिलोकॉकस ऑरियसला हटवितो. संन्याशाच्या हातीं दंडही आहे म्हणावयाचा!

आतां गोळीचा प्रवास पाहा. ती पोटांतून रक्तांत जाते आणि रक्तावाटे घशाच्या व नाकाच्या अस्तरांत पोंचते. वाटेंत ती कोणाची ओळख विचारीत नाहीं. बेल्जममधील संशोधकांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. २२४ निरोगी स्वयंसेवकांपैकीं कांहींना तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन, कांहींना सात दिवस क्लॅरिथ्रोमायसिन, व बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळालें, हें घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतें व तपासणाऱ्यालाही. औषध संपतांच घशांतील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमध्यें ह्या औषधांना दाद न देणाऱ्यांचें प्रमाण शंभरांमागें सुमारें ५० नीं वाढलें. आणि सहा महिने लोटले तरी दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षां तें अधिकच होतें.

हे जंतु कांहीं नवें शिकले असें नव्हे. नरम होते ते मेले. आधींपासून असलेल्या मूठभर चिवटांना मोकळें रान मिळालें. शेत जाळलें तर पीक जातें, हरळी मात्र पुन्हां फुटते. शिवाय चिवटपणा देणारे जीन एक जंतु दुसऱ्यास देऊं शकतो. घशांतील निरुपद्रवी जंतूंकडून ते न्यूमोनियाच्या जंतूंकडेही जाऊं शकतात.

माझा चार वर्षांचा नातू माझ्याच ताटांत जेवतो. माझ्या तोंडांत जें वाढेल, तें त्याच्या तोंडांत जाण्यास कितीसा वेळ? उद्यां त्याला खरोखरच न्यूमोनिया झाला, आणि हेंच औषध लागू पडलें नाहीं तर? हा विचार मनांत आला आणि सूनबाईपुढें माझी मान खालीं झाली.

ह्यावरून प्रतिजैविकें टाकाऊ ठरत नाहींत. त्यांनीं लक्षावधि प्राण वांचविले आहेत. ब्रिटन व स्वीडन येथील निरोगी माणसांवर केलेल्या, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत लाळेंतील जंतुसमाज लवकरच सांवरला. आंतड्यांतील समाजास मात्र कांहीं औषधांनंतर महिनेच्या महिने लागले. म्हणून डॉक्टरांनीं तपासून दिलेलें औषध निर्धास्तपणें, सांगितलें तितके दिवस घ्यावें; उरलेलें साठवूं नये, शेजाऱ्यास देऊं नये. पाकिटावरील तांबडी उभी रेघ, जिचा प्रचार आपल्या सरकारनें २०१६ सालीं केला, ती हेंच सांगते: चिठ्ठीवांचून हात लावूं नका.

माझें पडसें आठवड्यानें आपोआप गेलें. संन्यासीही सुखरूप आहेत.