लढायला गेलेल्यांच्या आठवणी गोळा करताना

(रायगड किनाऱ्यावरच्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ आहे तसाच ठेवला आहे.)



'आठवणी कशा गोळा कराव्यात' या विषयावर मी बोलावं, असं मला सांगितलं गेलं. मी इतिहासाची प्राध्यापिका नाही. १९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्या गटाने एक टेपरेकॉर्डर घेतला आणि अलिबाग ते मुरूड या पट्ट्यातल्या गावांतून फिरायला सुरुवात केली. तेव्हापासून जमेल तसं हे काम करत आले. त्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या. आज मुख्यतः त्याच सांगणार आहे, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणी आता हे काम हातात घेताहेत.

सुरुवात जरा लांबून करते. १९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये निवडून आलेल्या सरकारविरुद्ध लष्करातल्या सेनापतींनी बंड केलं. फ्रँको त्यांचा पुढारी झाला. हिटलर आणि मुसोलिनी त्याच्या मदतीला धावले. १९३९ पर्यंत ते यादवी युद्ध चाललं. सरकारच्या बाजूने लढायला पन्नासएक देशांतून सुमारे पस्तीस हजार स्वयंसेवक गेले. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती, आणि तो देशही त्यांचा नव्हता.

त्यांच्यात एक मराठी माणूस होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलंय? हात वर करा. बघा, तीन. आणि डॉ. कोटणिसांचं? सगळ्यांनीच. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्याचे प्रमुख डॉ. अटल हेसुद्धा त्याआधी स्पेनमध्ये काम करून आले होते. कोटणिसांवर शांतारामबापूंनी सिनेमा काढला, म्हणून ते घराघरात पोचले. हुद्दारांवर कुणी सिनेमा काढला नाही.

हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे शिकायला लंडनला गेले आणि तिथून स्पेनच्या लढाईत. परत आल्यावर कम्युनिस्ट पक्षात गेले. अशा माणसाला कुठल्याच एका घरात नीट जागा मिळत नाही. पण मला त्यांची आठवण होते ती वेगळ्याच कारणाने. स्पेनमध्ये त्यांनी नाव घेतलं होतं जॉन स्मिथ. १९३८ च्या एप्रिलमध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले, कैदी छावणीत राहिले, त्याच वर्षी सुटले. कैद्यांच्या यादीत 'हुद्दार' शोधाल तर कसे सापडतील? कागदावर माणूस सापडत नाही तेव्हा विचारावंच लागतं.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने हे विचारण्याचं काम केलं. ब्रिटनमधून स्पेनला गेलेले खाणकामगार, गोदीकामगार, नर्सेस, यांना १९७० च्या दशकात गाठून त्यांच्या मुलाखती टेप केल्या. तेव्हा ती माणसं साठी-सत्तरीची होती. हुद्दारही तेव्हा हयात होते. ते १९८१ साली गेले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९३६ साली स्पेनमधल्या बंदूकधारी बायांचे फोटो जगभर छापले गेले. पण सहा-आठ महिन्यांतच त्यांना आघाडीवरून मागे पाठवायला सुरुवात झाली: तुम्ही स्वयंपाक, शिवण, शुश्रूषा बघा. फोटो राहिले आणि बाया मागे गेल्या.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते.

इथून स्पेनला कुणी गेल्याचं मला माहीत नाही. पण परक्या सत्तेच्या हद्दीत शिरायला इथली माणसं गेली होती. गोव्याला. गोवा आपलाच, पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. हद्द ओलांडली की पोलीस परके, कायदा परका. ते यादवी युद्ध नव्हतं आणि सत्याग्रहींच्या हातात शस्त्र नव्हतं, हा फरक मोठा आहे. पण आपलं घरदार मागे ठेवून, कुणी सक्ती न करता जाणं, हे तेच. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी गेली. पंधरा ऑगस्टला देशभरातून हजारो लोक हद्दीवर जमले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. आपल्या जिल्ह्यातले, पनवेलचे हिरवे गुरुजी त्या सत्याग्रहात हुतात्मा झाले. बायाही मागे नव्हत्या. सुधाताई जोशींनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये म्हापशाला बंदी मोडून गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि तुरुंगात गेल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांनी झेंडा हातात असताना गोळी खाल्ली.

ही नावं पुस्तकात आहेत. आम्हाला पुस्तकात नसलेली माणसं हवी होती.

एका गावात आम्हाला असे एक सत्याग्रही भेटले. गाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. आजोबा तेव्हा सत्तरीला टेकलेले. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे पडवी. पडवीत आम्ही दोघी बसलो, टेप लावला. आजोबा छान बोलत होते. गाडीत म्हटलेली गाणी, सावंतवाडीकडचा पाऊस, चिखल, हद्दीवरचे शिपाई, पाठीत बसलेले रट्टे. आणि दर पाच मिनिटांनी माजघराच्या दारातून आवाज यायचा. "असा नाय, तवा बाबू चार महिन्यांचा व्हता." "पैसं दिरानं नाय दिलं, पाटल्या गहान ठेवल्या." आजी चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

आम्ही काय केलं माहिती आहे? दर वेळी त्या बोलायला लागल्या की टेप बंद केला. मुलाखत आजोबांची आहे, मध्ये आवाज नको, शिवाय कॅसेट महाग. ही पहिली चूक. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. ऐकताना जागोजागी 'खट्' असा आवाज येतो. प्रत्येक 'खट्'च्या जागी आजी आहेत.

घरी येऊन ऐकताना माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, आजोबा ग्रामपंचायतीत गेलेले असताना. म्हटलं, आजी, आज तुमच्याशी बोलायचंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी काय केलाय? मना कदी कोनी इचारलाच नाय."

तेव्हा एक शिकलो. 'तुम्ही लढ्यात काय केलंत' असं विचारलं की बाई 'काही नाही' म्हणते. खोटं बोलत नाही ती. तिच्या लेखी ते काम म्हणजे करणं नव्हेच. तिला विचारायचं, ते गेले त्या दिवशी तुम्हाला काय सांगून गेले? घरात तांदूळ किती होते? निरोप कोणी आणला? वाडीला पाणी कोण लावत होतं? तारीख विचारू नका. नारळी पौर्णिमा झाली होती की व्हायची होती, असं विचारा. आजी पटकन म्हणाल्या, "नारळ वाहून झालेला." तिथून पुढे त्या दोन तास बोलल्या.

आजोबा घरातून निघाले ते मुंबईला कामाला जातो असं सांगून. गोव्याला गेल्याचं आजींना आठ दिवसांनी, मासळी विकायला येणाऱ्या कोळणीकडून कळलं. पहिलं मूल अंगावर. पाटल्या सावकाराकडे गेल्या. सुपारी उतरवायला माणूस मिळेना. आजोबा परतले ते तापाने फणफणलेले, उजवा हात वर जात नव्हता. महिनाभर आजींनी त्यांना भरवलं.

किती दिवस चाललं हे सगळं, असं आम्ही दोघांनाही विचारलं होतं. आजोबा म्हणाले, तीन दिवस. आजी म्हणाल्या, अडीच महिने. आधी आम्हाला वाटलं कुणीतरी चुकतंय. मग कळलं की दोघंही बरोबर आहेत. आजोबांनी मोजलं ते हद्दीवरचं. आजींनी मोजलं ते उंबरठ्यावरून, ते बाहेर पडल्यापासून पाटल्या सुटेपर्यंत. आजवर छापला गेलाय तो तीन दिवसांचा इतिहास. आपण गोळा करायचाय तो अडीच महिन्यांचा.

याला पैशाचीही बाजू आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्र सरकारच्या सन्मान पेन्शनला साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो. बायकांना तीन महिने. तुरुंगाचा कागद दाखवावा लागतो. गोव्याच्या हद्दीवर बहुतेकांना बडवून परत लोटून दिलं, त्याचा कागद कोण देणार? आणि घरी राहिलेल्या बाईला तर कुठला तुरुंग आणि कुठला कागद. तिला काही मिळालं तर ते विधवा म्हणून. शिवाय कागदावर तिचं नावही जाग्यावर नसतं. हुद्दारांनी नाव मुद्दाम बदललं होतं. आमच्या आजींचं लग्नात बदललं, त्यांना न विचारता.

आता दुसरी चूक. ही सांगताना अजून जीभ अडखळते.

त्या दुपारी आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. नवरा नसताना घरात काय झालं, ते. टेप चालू होता. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ह्या बाहेर नको जाया." आम्ही मान डोलावली. पुढच्या वर्षी आमच्या गटाने छोटी पुस्तिका काढली. आमच्यात चर्चा झाली, खूप झाली. आम्ही म्हटलं, हे दडपणं म्हणजे पुरुषांच्याच इतिहासाला साथ देणं; नाव घालू नका, गाव घालू नका, पण छापा. आम्हाला ते तत्त्वाला धरून वाटलं. छापलं.

त्या पंचक्रोशीत गोव्याला गेलेला माणूस एकच होता. नाव कशाला हवं होतं? आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. आमच्यापैकी कुणालाही त्याची झळ लागली नाही. जे सोसलं ते आजींनी सोसलं, म्हाताऱ्या नवऱ्यासमोर, सुनांसमोर. आम्ही माफी मागायला गेलो तर त्यांनी दार लावलं नाही. पाणी दिलं. पण एक शब्द बोलल्या नाहीत.

काय छापलं होतं, ते मी आज पुन्हा सांगणार नाही.

तिची गोष्ट तिची असते. ती बोलली म्हणजे तिने ती आपल्या हवाली केली असं नाही. बाईने बोलावं म्हणून आपण इतकी वर्षं धडपडलो, पण बोलायचं तसं न बोलायचंही तिच्याच हातात असतं, हे मी विसरले होते. आपल्याला हवा असलेला पुरावा तिच्या घरातून उचलून आणणं, आणि तिला न विचारता तिचं नाव बदलणं, यात मला आज फारसा फरक दिसत नाही.

म्हणून काही गोष्टी पक्क्या करून ठेवा. टेप किंवा आता मोबाइल, तो तिच्या समोर, तिला दिसेल असा ठेवा. बंद कुठे करायचा ते तिला दाखवा, ते बटण तिच्या हाताशी द्या. घरी येऊन लिहून काढलंत की तिला वाचून दाखवा, लिहिता-वाचता येत असो वा नसो. होकार एकदा घेऊ नका. पंधरा दिवस जाऊ द्या, पुन्हा विचारा. नाव न घालण्यावर विसंबू नका, गावाला नाव लागत नाही. आणि ती 'नको' म्हणाली तर तुमचं सुंदर पान रद्द करा.

हे काम आपल्याकडे याआधी झालंय. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना घरोघरी जाऊन गाठलं, त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या लढ्यातल्या बायांना बोलतं केलं. त्या आधी गेल्या म्हणून त्यांना त्या बाया भेटल्या. आपल्याकडे वेळ थोडा आहे. १९५५ साली विशीत असलेला सत्याग्रही आज नव्वदीच्या घरात. तेव्हाच्या सोळा-सतरा वर्षांच्या नव्या नवऱ्या पंच्याऐंशीच्या पुढे गेल्यात. त्यांच्यातल्या काही जणी अजून आहेत, आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या लेकी-सुना आहेत.

आजींचं पुढे काय झालं, ते सांगते. तीन वर्षांनी त्यांनी नातवाकडून निरोप पाठवला. मी गेले. आजोबा नुकतेच गेले होते. आजी म्हणाल्या, ती टेप आहे का? म्हटलं, आहे. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तोडू नको. मी गेल्याव माझ्या लेकीला इचार." आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, आत्ता नको. म्हणून कॅसेट माझ्या कपाटात आहे, वर कागद चिकटवलाय: 'विचारल्याशिवाय उघडू नये.' पाटल्यांची, वाडीची, अडीच महिन्यांची गोष्ट आज इथे सांगितली, ती लेकीच्या परवानगीने.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईशी बोलून या. पहिल्या दिवशी टेप नेऊ नका. फक्त विचारा, आणि ती दारात उभी राहून बोलत असेल तर तिला आधी बसायला सांगा.