शौर्य आणि धैर्य
(ज्युबिली समारंभांत दिलेलें व्याख्यान)



शूर म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें घोडा फेंकीत येणारा व शत्रूस लोळविणारा वीर उभा राहतो. परंतु आज मी आपणांपुढें अशा एका कादंबरीचा विचार ठेवणार आहें, कीं जींत तलवारीस मान थोडा व धैर्यास फार. इटालियन ग्रंथकार आलेस्सांद्रो मान्झोनी यांनीं 'वाङ्निश्चित वधूवर' अशा अर्थाच्या नांवाची ही कादंबरी प्रथम १८२७ सालीं प्रसिद्ध केली, व पुढें तिची भाषा सुधारून १८४० ते १८४२ या काळांत ती पुनः छापविली. कथानक स्पेनच्या अंमलाखालील लोंबार्डी प्रांतांत १६२८ सालीं सुरू होतें.

रेन्झो व लुचिया यांचें लग्न उद्यांवर आलेलें असतें. डॉन रोद्रिगो नामक मुजोर सरदाराचे दोन गुंड धर्मगुरु डॉन आब्बोंदिओ यांस वाटेंत गांठून बजावतात कीं, हें लग्न लावाल तर खबरदार! बिचारे धर्मगुरु नाना सबबी सांगून लग्न टाळतात. ते दुष्ट नाहींत, भित्रे आहेत. पण त्या भीतीपायीं दोन निरपराध जीव घरादारास मुकतात. पुढें मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरीगो बोर्रोमेओ, जे इतिहासांतील खरे पुरुष आहेत, त्यांस जाब विचारतात. तेव्हां त्यांच्या उत्तराचा आशय असा कीं, अंगीं नसलेलें धैर्य मनुष्यानें आणावें कोठून?

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तो आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत असतो. ग्रंथकारांनीं त्याचें उत्तर इतर पात्रांच्या वर्तनांत दिलें आहे.

फादर क्रिस्तोफोरो पहा. पूर्वाश्रमीं ते एका श्रीमंत व्यापाऱ्याचे चिरंजीव. रस्त्यांत वाट कोणीं सोडावी, एवढ्याशा मानापानावरून झालेल्या चकमकींत त्यांच्या हातून एक उमराव ठार झाला. हातांत तलवार होती, तेव्हां त्यांच्यापाशीं शौर्य होतें. पण कापुचिन संघाचीं वस्त्रें धारण करून, मृताच्या भावाच्या घरीं, सर्व आप्तांसमक्ष गुडघे टेकून त्यांनीं क्षमा मागितली, तें धैर्य. क्षमेची खूण म्हणून तेथें मागून घेतलेल्या पावाचा तुकडा त्यांनीं वर्षानुवर्षें जपला. पुढें १६३० सालच्या मिलानमधील प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करीत असतां तो त्यांनीं रेन्झो व लुचिया यांच्या स्वाधीन केला.

आतां लुचिया. एका बलाढ्य सरदाराच्या किल्ल्यांत तिला पळवून नेलें जातें. ग्रंथकार त्याचें नांव सांगत नाहींत; त्याला केवळ 'अनामिक' म्हणतात. ती थरथर कांपत असते. पण कांपत कांपतच देवाचें नांव घेऊन ती त्याच्याजवळ दयेची याचना करते. भीति जाण्याची वाट तिनें पाहिली नाहीं.

आणि तो अनामिक? लुचियेचे शब्द ऐकून त्याची झोंप उडते. सकाळीं तो कार्डिनलांपुढें जातो. त्यांच्या मिठींत रडतो. मग परत येऊन आपल्याच गुंडांच्या टोळीस स्पष्ट बजावतो कीं, आजपासून जुना धंदा बंद. जन्मभर इतरांस धाक घालणाऱ्यास स्वतःचें पाप चारचौघांत टाकून देणें हें सर्वांत अवघड युद्ध होतें.

बंधुभगिनींनो, यांपैकीं कोणापाशींही धैर्याची शिल्लक सांठविलेली नव्हती. स्वतःवरची नजर काढून ती दुसऱ्याच्या दुःखाकडे वळवितांच प्रत्येकास तें लाभलें. म्हणूनच कार्डिनल डॉन आब्बोंदिओंस शूर नसल्याबद्दल दोष देत नाहींत. आपल्या मेंढरांवर प्रीति कां केली नाहीं, एवढेंच विचारतात. त्या प्रश्नास धर्मगुरूंपाशीं उत्तर नसतें. अखेर रोद्रिगो प्लेगनें मेल्याची खात्री झाल्यावरच ते लग्न लावतात!

आपल्या वांट्यास किल्ले व सरदार येणार नाहींत. बांधावरून तुटलेल्या भावाच्या दारीं आपण होऊन जाणें, विधवेच्या वतीनें चार माणसांत खरें बोलणें, सांथीच्या रोग्याच्या उशाशीं बसणें, हे प्रसंग मात्र येतील. त्या वेळीं, माझ्या अंगीं धैर्य आहे काय, हें विचारीत बसूं नये. समोरच्या मनुष्यावर माझी प्रीति आहे काय, एवढें विचारावें, आणि पाय कांपत असले तरी पाऊल पुढें टाकावें.