देशाचं सोनं गहाण पडलं तेव्हा

मंडळी, अडीनडीला दागिना गहाण ठेवायची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आली असेल. १९९१ साली ती देशावर आली. आधल्या वर्षी इराकनं कुवेत घेतलं, तेल भडकलं, अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांतल्या ठेवी काढायला सुरुवात केली. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. नाणेनिधीनंही कर्ज दिलं, अर्थात अटी घालून; सावकार तो सावकार! रुपयाचं अवमूल्यन झालं, महागाईची झळ तुमच्या-माझ्या बचतीला बसली. कर्ज फिटलं. २००९ मध्ये त्याच नाणेनिधीकडून आपण २०० टन सोनं विकत घेतलं. परकीय चलनाच्या साठ्याचा आकडा रिझर्व्ह बँक दर आठवड्याला जाहीर करते. शनिवारच्या पेपरात जरूर बघा.