स्पंजाच्या घरचे बिऱ्हाडकरू



पाटी पुसण्याचा स्पंज आपल्या परिचयाचा आहे. तो आज कारखान्यात होतो. पण ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो समुद्रतळाच्या खडकाला चिकटून राहणारा प्राणी होय. त्याला ना तोंड, ना पोट, ना पाय. अंगभर असलेल्या भोकांतून पाणी आत घ्यावयाचे, गाळावयाचे आणि बाहेर सोडावयाचे, हाच त्याचा अहोरात्रीचा उद्योग.

पळता न येणारा हा प्राणी शत्रूच्या तोंडून वाचतो कसा? पुष्कळदा अंगातील विषारी द्रव्यांमुळे. अशा प्राण्यातील द्रव्ये माणसालाही उपयोगी पडली आहेत. १९५० च्या सुमारास एका स्पंजातून मिळालेल्या द्रव्याच्या धर्तीवर पुढे रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबीन हे औषध तयार झाले.

परंतु ही द्रव्ये करतो कोण? काही जातींच्या स्पंजांत वजनाचा तिसरा हिस्सा त्यात नांदणाऱ्या सूक्ष्मजंतूंचाच भरतो. कोणी उन्हावर अन्न तयार करतात, कोणी यजमानाच्या अंगातील टाकाऊ अमोनियाची वासलात लावतात. कित्येक जातींत तर आई आपल्या पिल्लांना हे सोबती जन्मतःच आंदण देते. जपानजवळच्या थिओनेला नावाच्या एका स्पंजातील बहुतेक औषधी द्रव्ये एका सूक्ष्मजंतूचीच करणी आहे, असे योर्न पील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले. आपल्या भिवंडीतही ताग्यावर छाप व्यापाऱ्याची असते. मागावरचे हात मात्र बाहेरगावाहून आलेल्या कामगाराचे असतात!

हे बिऱ्हाडकरू गेले तर काय होते? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑस्ट्रेलियातील एका जातीचे स्पंज ३३ अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवले होते. त्यांचे नेहमीचे सूक्ष्मजंतू टिकले नाहीत, आणि स्पंजाचे शरीरही सडू लागले. दोन अंश कमी उष्णतेत मात्र तो संसार सुखरूप होता. समुद्र तापत चालला असताना ह्या दोन अंशांचे मोल आपण ओळखले पाहिजे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. समुद्राच्या अभ्यासासाठी १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था गोव्यात दोनापावल येथे आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून संरक्षित आहे. आणि आपल्या कामवारीचे पाणी खाडीवाटे अखेर समुद्रालाच मिळते. आपण नदीत जे सोडतो, ते समुद्रात कोणाला तरी गाळावे लागते. गाळणाऱ्याला तोंड नाही. म्हणून त्याच्या वतीने हे चार शब्द बोललो.