वर्ध्यावरून की धामणगावावरून?

यवतमाळहून गाडीने नागपूरला जाताना आपण कळंब-देवळी-वर्धा हा रस्ता धरतो. पांढरकवडा-हिंगणघाटमार्गेही जाता येतं, पण ती वाट लांबची. जवळची तुंबली तरच तिचा विचार होतो. ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी 1952 मध्ये हाच व्यवहार नियमात मांडला: वापरात असलेल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागेपर्यंत वाहनं वाटली जातात.

वाहनांची ही वाटणी संगणकावर काढतात. त्याच्या काही पद्धती फक्त रस्त्याच्या एकेका तुकड्यावरची वाहनं मोजतात. मार्गाधारित पद्धत निघाल्यापासून पोहोचेपर्यंतची अख्खी वाट जपते. त्यामुळे कळंबजवळचा पूल बंद ठेवला, तर कुठून कुठे जाणाऱ्यांची अडचण होईल, हे आधीच कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

एसटीच्या प्रवाशाची वाट तर आणखी गुंतागुंतीची. मुंबईला जायचं, तर बसने धामणगाव गाठा नाहीतर वर्धा, आणि पुढे रेल्वे. स्टँडपर्यंतची पायपीट, बसची वाट पाहणं, गाडी बदलणं हे सगळं हिशेबात धरावं लागतं. वर्धा-कळंब रेल्वे 2024 मध्ये सुरू झाली. ती यवतमाळपर्यंत आली, की हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.